समोरची बाजू

नंजनगूड रस्त्यावरच्या आमच्या लहानशा विमानतळावरून सकाळचं विमान निघून गेलं, की संध्याकाळच्या विमानापर्यंत एक लांबलचक दुपार उरत असे. तिला स्वतःचा वास होता: तापलेल्या सिमेंटचा, विमानाच्या इंधनाचा आणि धावपट्टीपलीकडे नुकत्याच कापलेल्या गवताचा. प्रवाशांचं सामान ज्यावरून बाहेर येतं तो काळा रबरी पट्टा त्या वेळी बंद असायचा. त्यावर पाय सोडून आम्ही दहा-बारा माणसं बसायचो आणि भांडायचो. भांडण लावून देणारे मामा असत, आणि ते कसं भांडायचं याचा नियमही त्यांचाच होता.

मामा आमच्या विमान कंपनीचे रॅम्पवरचे सुपरवायझर. विमान जिथे येऊन उभं राहतं त्या मोकळ्या जागेला आम्ही रॅम्प म्हणायचो, आणि तिथे मामांचं राज्य होतं. चाकांना लाकडी ठोकळे लावण्यापासून शेवटची बॅग आत जाईपर्यंत त्यांच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय काही हलत नसे. शिवाय आमच्या कर्मचारी संघटनेच्या म्हैसूर शाखेचे ते चिटणीस होते. शाखा म्हणजे आम्हीच, त्या पट्ट्यावर मावतील एवढी माणसं.

त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी होती, पण ती इथल्या हवेत वाढलेली; निम्म्या वाटेवर कन्नडमध्ये शिरायची आणि सावकाश परत यायची. मी लग्न होऊन सांगलीहून आलेली, मराठी कवितेत एम.ए. केलेली, काउंटरवर बसणारी आणि विमानाच्या घोषणा करणारी. माझी भाषा ऐकून मामांना गंमत वाटायची.

“ताई, तुमचं मराठी इस्त्रीचं,” ते म्हणाले होते. “आमचं वाळत घातलेलं. पण अंगात घालायला आमचं बरं, अल्वा?”

हा ‘अल्वा’, म्हणजे ‘नाही का’, त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या टोकाला लटकलेला असे. त्यामुळे त्यांचं ठाम विधानसुद्धा परवानगी मागितल्यासारखं वाटायचं.

विमान आलं की मामा त्याच्या नाकाजवळ जायचे आणि उलट्या तळव्याने ते हलकेच चाचपायचे, तापलेल्या माणसाचं कपाळ बघावं तसं. विमानाला ते ‘अहो’ म्हणत. “आलात का? आज वारा होता वाटतं.” वैमानिकांना ते ‘काय रे’ म्हणत, कारण ते सगळे त्यांच्या मुलाच्या वयाचे. पंख्यांच्या आवाजापासून कान वाचवायला रॅम्पवरच्या माणसांना गुबगुबीत इअरमफ देतात. मामांचे पिवळे इअरमफ त्यांच्या गळ्यात कायम असायचे. त्यांच्या पुतणीच्या लग्नात, रेशमी पंच्यावरसुद्धा, मी ते पाहिले आहेत. सभेत कुणी मुद्दा सोडून घोषणा द्यायला लागला, की मामा काही न बोलता ते कानांवर चढवत आणि समोर बघत बसत. बोलणाऱ्याला आपला आवाज अचानक पोकळ ऐकू यायचा. तो खाली बसला, की इअरमफ पुन्हा गळ्यात.

डबासुद्धा ते उलटा खात. आधी दहीभात, मग सांबार, आणि सगळ्यात शेवटी तिखट चटणी. “जेवण संपल्यावर झोप यायला नको, जाग यायला पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं.

आता तो नियम. सभेत कुणालाही आपलं मत थेट मांडायची परवानगी नव्हती. ज्याला एखादी गोष्ट हवी असेल त्याने आधी ती का नको हे सांगायचं. जो विरोधात असेल त्याने आधी बाजू घेऊन बोलायचं. तेही मन लावून. समोरचा माणूस ऐकून म्हणाला पाहिजे, की होय, मला हेच म्हणायचं होतं. त्यानंतर स्वतःची बाजू.

मला हा नियम रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकायला मिळाला. एक बाई मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांचं सामान वजनात बसेना, आणि मी काउंटरवरून कायदा सांगत राहिले. शेवटी त्यांनी पिशवीतून लोणच्याची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली आणि मागे न बघता निघून गेल्या. दुपारभर काउंटरला मोहरीचा आणि कच्च्या कैरीचा वास येत होता. मामा आले, बरणी हातात घेऊन उन्हाकडे धरली.

“ताई, आता त्या बाईंच्या जागी बोला.”

“मामा, नियम आहे सामानाचा.”

“नियम माहीत आहे की मला. तुम्ही बाईंच्या जागी बोला.”

मी हसत सुरुवात केली. कैऱ्या कुणाच्या झाडाच्या, फोडी कुणी केल्या, मुलगा किती दिवसांनी भेटणार. बोलता बोलता मी त्यांच्या हातातली बरणी परत मागून घेतली. मामांनी मान डोलावली. “आयतु, झालं. आता तुमचा नियम सांगा.” मी सांगितला, तो तसाच होता, पण माझा आवाज तो नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने ती बरणी मुलाच्या गावी पोहोचली. कशी, ते मामांनी कधी सांगितलं नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, हेही मी एकदा विचारलं. तरुणपणी ते मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात होते. तिथे मोठा संप झाला, आणि मामा त्यात सगळ्यांत पुढे ओरडणारे. “मालक काय म्हणतो ते ऐकायचंच नाही, असं ठरवलं होतं आम्ही,” ते म्हणाले. “कुलूप लागलं. यंत्रं विकायला निघाली तेव्हा कळलं, की मालक आधीच बुडालेला होता. त्याला धक्का मारून काय मिळणार होतं? आम्ही धरायला पाहिजे होतं बँकेला. सुम्ने, उगीच, भलत्या दारावर डोकं आपटलं.” बोलताना ते हातातली पितळी वाटी फिरवत होते, आणि आतली कॉफी कडेपर्यंत येऊन परत जात होती.

त्या सभांमधली सगळ्यांची लाडकी आठवण महादेवची. महादेव सामान चढवणारा, कडकोळचा, उंच आणि लाजाळू. ओव्हरटाइमवरून वाद होता. नियमाप्रमाणे त्याला आधी कंपनीची बाजू मांडायची होती, म्हणून तो पट्ट्यावर उभा राहिला. कन्नडमध्ये त्याने असा काही सूर लावला की आम्ही ऐकतच राहिलो. तेवढ्यात कुणाची तरी पाठ बटणाला लागली आणि पट्टा सुरू झाला. महादेव बोलायचा थांबला नाही. हात उंचावून, कंपनीच्या अडचणी सांगत, तो सावकाश सरकत गेला आणि रबरी पट्ट्यांच्या पडद्याआड नाहीसा झाला. पडद्यामागूनही त्याचा आवाज येत होता.

“बघा,” मामा म्हणाले, “असं बोलावं. माणूस दिसत नाही, बाजू ऐकू येते.”

मग करार आला.

आमचे स्टेशन मॅनेजर तरुण आणि सभ्य होते. मुख्य कार्यालयाचा मसुदा त्यांनी आम्हाला वाचून दाखवला, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. ज्यांची नोकरी दहा वर्षांहून जास्त झाली ते कंपनीत कायम राहतील. बाकीच्यांना एका ठेकेदाराकडे दिलं जाईल. काम तेच, पण अर्धवेळ: सकाळच्या विमानापुरते दोन तास, संध्याकाळच्या विमानापुरते दोन तास. पगार तासावर. प्रॉव्हिडंट फंड नाही, दवाखान्याचं कार्ड नाही. संघटनेने होकार दिला तर एवढंच. नकार दिला तर सगळंच स्टेशन ठेकेदाराकडे देण्याचा विचार होईल. उत्तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवं होतं.

मामा कायम राहणाऱ्यांत होते. मी आणि महादेव बाहेर जाणाऱ्यांत. माझ्या घरी नवऱ्याचा पगार होता. महादेवच्या घरी आई होती, हृदयाची रुग्ण, आणि तिचं औषधपाणी त्या कार्डावर चालायचं. त्याने कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलेलं असायचं, आणि मसुदा वाचला जात असताना त्याचा हात तिथेच होता.

दुपारी पट्ट्यावर सभा बसली. बाहेर आभाळ भरून आलं होतं. हवेत शिशासारखा एक जडपणा होता, आणि बोलणाऱ्याचा शब्द दूर न जाता तिथेच खाली पडल्यासारखा वाटत होता. मामा कराराच्या विरोधात होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच नियमाप्रमाणे ते आधी कराराच्या बाजूने उभे राहिले.

“कपिला नदीला पूर आला होता, तेव्हा मी लहान होतो,” त्यांनी सुरुवात केली. “नंजनगूडच्या काठावर एक बैलगाडी पाण्यात अडकली. गाडीवान दोर कापत नव्हता. गाडी त्याच्या बापाची, अल्वा? लोक काठावरून ओरडत होते, बैल सोड, बैल सोड. त्याने शेवटी दोर कापला. गाडी गेली. बैल काठाला आले. दुसऱ्या वर्षी त्याच बैलांनी नवी गाडी ओढली.” ते थांबले. “आत काही माणसं राहिली, तर बाहेरच्यांना परत ओढणारं कुणीतरी राहील. सगळेच बाहेर गेलो, तर आपली नावं माहीत असलेला माणूसही तिथे उरणार नाही.”

मी कविता शिकलेली बाई. शब्दाने माणसाचा श्वास कसा बदलतो हे मला ओळखता येतं. त्या पट्ट्यावर सगळ्यांचा श्वास एकदम खाली उतरला. ज्येष्ठांना आपलं आत राहणं कर्तव्यासारखं वाटू लागलं, आणि धाकट्यांना आपलं बाहेर जाणं थोड्या दिवसांचं. मामा इतके मन लावून बोलले होते, की बोलून झाल्यावर त्यांच्या कपाळावर घाम होता.

“आता माझी बाजू,” ते म्हणाले.

आणि वॉकी-टॉकी खरखरला. बंगळुरूवर पावसाने धुमाकूळ घातला होता, तिथे उतरू न शकलेलं एक विमान आमच्याकडे वळवलं होतं. विमान जमिनीवर असताना सभा नाही, हाही मामांचाच नियम. सगळे उठून धावले.

ती दुपार भिजलेल्या कपड्यांची आणि चिडलेल्या आवाजांची होती. प्रवाशांना उतरवायचं, पाणी द्यायचं, रडणाऱ्या मुलांना शांत करायचं, सामान काढायचं की ठेवायचं यावर दोनदा उलटसुलट हुकूम झेलायचे. मी माइकवर तीच घोषणा मराठी कवितेच्या सगळ्या लयी विसरून करत राहिले. त्या धांदलीत मॅनेजर येऊन म्हणाले, की मुख्य कार्यालय उत्तर मागतंय, लगेच. मामा तेव्हा एका आजारी प्रवाशाला चाकाच्या खुर्चीतून उतरवत होते, पावसात, पंखाखाली. आम्ही सामानाच्या गाडीशेजारी उभे होतो, दमलेले. कुणीतरी म्हणालं, घेऊन टाकू मत. कानात शेवटचं काय होतं? पूर, दोर, काठाला आलेले बैल. ते बोलणं मामांचं मत नव्हतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही हात वर गेले. महादेवचाही गेला.

मामा आले तेव्हा त्यांच्या भुवयांवरून पाणी निथळत होतं.

“आता बसू या,” ते म्हणाले. “माझी बाजू राहिली आहे.”

 मग महादेवने सांगितलं, “आयतु, मामा. झालं मत.”

“काय झालं?”

“करार मान्य.”

मामांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. महादेव म्हणाला, पुन्हा मत घेऊ या, अजून कळवलं नसेल. मामांनी मान हलवली. “मत म्हणजे पट्ट्यावरची बॅग नव्हे, चुकली म्हणून फिरून परत यायला.” आणि ते ठोकळे काढायला निघून गेले, कारण विमान परत बंगळुरूला निघालं होतं.

पुढचे दिवस पोपटी रंगाच्या शर्टांचे. ठेकेदाराचा गणवेश तो, धुतला की बोटांना रंग लागायचा. स्टाफच्या खोलीत आम्हाला बसायची परवानगी उरली नाही. संघटनेतही नाही, कारण आता आम्ही कंपनीचे नव्हतो. सकाळचं विमान गेलं, की संध्याकाळपर्यंतचं आमचं आयुष्य आमचं होतं, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. महादेव कडकोळच्या एका वर्कशॉपमध्ये दुपारी पत्रे कापायला जाऊ लागला. संध्याकाळी रॅम्पवर यायचा तेव्हा त्याच्या केसांत लोखंडाचा कीस चमकत असे, आणि उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत.

मामांनी आपला डबा उचलला आणि फाटकाबाहेरच्या कॉफीच्या टपरीवर आणला. रोज दुपारी ते तिथे येऊन दहीभातापासून सुरुवात करायचे. कंपनीत कायम राहिलेला माणूस पोपटी शर्टांत बसतो, यावरून त्यांच्या बरोबरीचे त्यांना टोमणे मारत.

“मामा, शर्ट शिवून घेतला की नाही?” एकाने विचारलं.

“माप दिलंय,” मामा म्हणाले. “तुमचंही देऊन आलो. पुढचा नंबर तुमचा, अल्वा?”

एका दुपारी त्यांनी महादेवकडे आईची चौकशी केली. महादेवने टपरीच्या बाकावर नख ओढत सांगितलं, की गोळी आता एक दिवसाआड देतो. आई म्हणते, तेवढ्यावर भागतं. मामांनी डब्याचं झाकण लावलं. तिखट चटणी त्या दिवशी तशीच राहिली.

वर्ष सरता सरता ठेकेदाराचा माणूस नवा कागद घेऊन आला. पगारात थोडी वाढ, बाकी सगळं जसंच्या तसं. सही करा, नाहीतर दुसरी माणसं आहेत. टपरीवर सभा बसली. नियमाप्रमाणे महादेव उठला, कारण त्याला सही करायची नव्हती, म्हणून आधी त्याने ठेकेदाराच्या बाजूने बोलायला हवं होतं. पट्ट्यावरून सरकत जाताना न थांबलेला हा माणूस. “ठेकेदाराचं म्हणणं असं…” एवढं म्हणून तो थांबला. त्याचे ओठ हलत होते. कॉफीच्या किटलीची वाफ मध्ये येत होती आणि त्यातून त्याचा चेहरा दिसत होता, जात होता.

मामा उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“बस. आज समोरची बाजू समोरचे मांडतील. त्यासाठी त्यांना पगार आहे.”

आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मामांचं मत सरळ ऐकलं. फार छोटं होतं ते.

“हा सकाळी दोन तास वाकतो, संध्याकाळी दोन तास वाकतो. त्याची पाठ मधल्या वेळेत घरी ठेवता येत नाही. त्याच्या आईचं हृदय विमानाच्या वेळेवर चालत नाही, दिवसभर चालतं. माणूस अर्धा लागत असेल, तरी येतो पुरा. पुऱ्याची सोय करा, मग सही. नाहीतर नाही.”

ते बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या दिवशी कुणी सही केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटी शर्ट घालून आम्ही सगळे फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभे राहिलो. मामा, ज्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेही आत गेले नाहीत. आत पंखे थांबलेलं विमान उभं होतं. त्याच्या नाकाला त्या दिवशी कुणी हात लावला नाही. ‘दुसरी माणसं’ आली, पण त्यांना सामान कुठल्या क्रमाने चढवायचं ते ठाऊक नव्हतं. काही दिवस ओढाताण झाली. शेवटी ठेकेदाराने फंड कबूल केला, दवाखान्याचं कार्ड कबूल केलं. तास मात्र तेवढेच राहिले. मामांना कंपनीने लेखी ताकीद दिली, आणि निरोपाचा हार न घेता ते निवृत्त झाले.

आनंद झाला होता आम्हाला. मला अजूनही त्या आठवड्याची चव आठवते, टपरीवाल्याने फुकट वाटलेल्या कॉफीतल्या जास्तीच्या साखरेची. फक्त मामा त्या आनंदात नीट सामील झाले नाहीत. विचारलं, तर म्हणायचे, बरं झालं की. आणि दुसरीकडे बघायचे.

महादेवला नवं कार्ड मिळालं, तेव्हा ते त्यांना दाखवायला आम्ही दोघं हूटगळ्ळीला त्यांच्या घरी गेलो. शेजारी नवं घर उठत होतं. ओल्या सिमेंटचा वास, आणि दर थोड्या वेळाने रस्त्यावरून जाणाऱ्या बसची थरथर. मामींनी कॉफी आणली. मामांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, महादेवच्या आईचं नाव बोटाने वाचलं. मग विचारलं,

“परवडतं का रे त्यांना?”

“कुणाला?”

“ठेकेदाराला. हे कार्ड, फंड. कुठून देणार तो?”

महादेवने माझ्याकडे पाहिलं. 

“असेल काहीतरी, मामा. दिलं ना त्याने.”

“त्या दिवशी मी तुला बसवलं,” मामा म्हणाले. “तुझं बोलणं राहिलं. माझ्यामुळे राहिलं. ते आज कर.”

“आत्ता?”

“आत्ता. नोडी, बघा ताई, तुम्हीही ऐका.” कार्ड त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

महादेव आधी हसला. मग पायरीवरून उठून अंगणात उभा राहिला. अडखळत, कन्नडमध्ये, त्याने ठेकेदाराच्या वतीने बोलायला सुरुवात केली. मी माणसं ठेवतो, ती मला दिवसभर सांभाळता येत नाहीत. दिवसातून दोनच विमानं. कंपनी मला विमानामागे पैसे देते. विमान नाही, तर पैसे नाहीत. मधल्या तासांचे मी कुठून देऊ? मी कार्ड दिलं, पण कंपनीने माझा दर वाढवला नाही. पुढच्या वर्षी मी ठेका सोडीन, किंवा माणसं कमी करीन. बोलता बोलता त्याचा आवाज पट्ट्यावरच्या त्या दुपारसारखा मोकळा होत गेला, आणि मग तो मध्येच थांबला.

“म्हणजे?” मामांनी विचारलं.

“म्हणजे हा देऊच शकत नाही, मामा.”

“मग कोण देऊ शकतं?”

“कंपनी. दर ती ठरवते.” महादेव हळूहळू म्हणाला. “पुढच्या वर्षी आपल्या विमानतळाचं फाटक नाही धरायचं. मुख्य कार्यालयाचं धरायला पाहिजे. आणि या ठेकेदारालाच बरोबर घेऊन.”

मामांनी डोळे मिटून घेतले. मग कार्ड शर्टाच्या टोकाने पुसून त्याच्यापुढे धरलं.

“आयतु,” ते म्हणाले. “आता तुझी बाजू सांग.”